डबा घेण्याआधी: आत काय भरणार?

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा डबा बीपीए-फ्री आहे ना?’ (बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, काही प्लॅस्टिक बनवताना वापरलं जाणारं रसायन.) आम्ही उलट विचारतो, ‘यात भरणार काय?’ कारण पोह्यांना चालणारा डबा गरम आमटीला चालेलच असं नाही.

प्लॅस्टिकमधून काय उतरतं?

प्लॅस्टिक मऊ राहावं, ठिसूळ होऊ नये, त्याला रंग यावा म्हणून त्यात इतर रसायनं मिसळतात. ती पक्की बांधलेली नसतात, थोडी थोडी अन्नात उतरतात. उष्णता, तेल-तूप आणि आंबटपणा यांनी हे उतरणं वाढतं, आणि चिंचगुळाच्या आमटीत हे तिन्ही एकत्र असतात!

रस्साभाजी ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा पिवळा पडतो आणि कितीही घासला तरी पिवळाच राहतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकमध्ये मुरतो. डाग निरुपद्रवी आहे, पण तेल डब्याच्या अंगात शिरतं हे त्यावरून दिसतं. शिरतं तिथून काही बाहेरही येऊ शकतं. डाग काढायला तारेची घासणी मात्र लावू नका. चरे पडले, पांढुरका झाला, वास धरला की तो डबा बाद.

तळाचा आकडा

डबा उलटा करा. त्रिकोणातला ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे हाय-डेन्सिटी पॉलिथिन. कोरड्या आणि थंड जिन्नसांसाठी ही दोन्ही चांगली. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट. त्यात कढत पाणी ओतलं की बाटली आक्रसते, तेव्हा ती पुन्हापुन्हा भरत बसू नका. ३ (पीव्हीसी) आणि ६ (पॉलिस्टायरीन) अन्नासाठी नकोच. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही येतं. बीपीए मुख्यतः याच प्लॅस्टिकमध्ये असतं. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. आपल्याकडेही बाळाच्या प्लॅस्टिक बाटल्यांच्या मानकात ते चालत नाही. पण ‘बीपीए-फ्री’ लिहिलं म्हणजे त्याच्या जागी बीपीएससारखं भावंड वापरलं नसेलच, असं नाही. आकड्यावरून प्लॅस्टिकची जात कळते, दर्जा नव्हे. त्यासाठी पेला आणि काट्याचं चिन्ह पाहा, ते अन्नासाठी बनवलेल्या वस्तूवर असतं.

‘मायक्रोवेव्ह सेफ’चा अर्थ एवढाच की डबा वितळणार-वाकणार नाही. आमचा सल्ला: गरम करायचं ते काचेत. मेलामाइनच्या प्लेटा तर मायक्रोवेव्हमध्ये घालूच नका.

श्रीखंडाचे रिकामे डबे? टाकू नका, रवा-साखरेला ठेवा. फक्त त्यात गरम भाजी भरू नका आणि वरून कडकडीत फोडणी तर मुळीच नको. रंगाच्या बादलीत धान्य साठवणारे काही जण आहेत, त्यांना मात्र हात जोडून नाही म्हणतो.

मग गरम, तेलकट, आंबट कशात?

स्टील, काच, चिनी माती. लोणच्याला चिनी मातीची किंवा काचेची बरणीच बरी. मीठ आणि आंबट यांनी हलक्या स्टीलला बारीक खड्डे पडतात. डब्यांसाठी ३०४ ग्रेडचं स्टील घ्या, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ स्वस्त पडतं, कारण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. ‘लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४’ ही समजूत खोटी आहे, २०२ लाही ते सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा, आम्ही देतो.

तांब्या-पितळेत दही, ताक, सार ठेवलं तर कळकतं, हे घरातल्या मोठ्यांना सांगायला नको. पितळेला कल्हई हवी. तांब्याच्या बाटलीत साधं पाणीच भरा, लिंबू सरबत नको.

काचेचा डबा बोरोसिलिकेटचा असेल तर तापमानातला फरक चांगला सोसतो. तरी फ्रीजमधून काढून थेट गॅसवर ठेवू नका. बऱ्याच काचेच्या आणि स्टीलच्या डब्यांचं झाकण प्लॅस्टिकचंच असतं, म्हणून पदार्थ निवल्यावर झाकण लावा आणि डबा काठोकाठ भरू नका.

झाकणाची सिलिकॉन रिंग सैल झाली किंवा तिला वास धरला तर ती सुटी मिळते. माप चुकू नये म्हणून येताना झाकण सोबत आणा.