फोम रोलर

फोम रोलर म्हणजे घट्ट फोमचा एक दंडगोल, साधारण १५ सेंटीमीटर जाड आणि ३० पासून ९० सेंटीमीटरपर्यंत लांब. तो जमिनीवर आडवा ठेवायचा, त्यावर दुखरी मांडी किंवा पोटरी टेकवायची आणि स्वतःच्याच वजनाने दाब देत हळूहळू पुढेमागे सरकायचं, बास एवढंच. एका अर्थी स्वतःच स्वतःला केलेलं मालिश, फक्त तेल नाही आणि मालिशवालाही नाही. जिमवाले याला 'रोलर मारणे' म्हणतात, रनिंग ग्रुपमध्ये नुसतं 'रोल कर' म्हटलं तरी कळतं. व्यायामानंतर अंग आंबलं असेल तर आराम पडावा, आणि व्यायामाआधी सांधे जरा मोकळे व्हावेत, अशा दोन कामांसाठी तो वापरतात. दोन्ही कामं तो करतो पण थोडी थोडी करतो, आणि ज्या कारणाने करतो असं बहुतेक जिममध्ये सांगितलं जातं त्या कारणाने करत नाही, याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

दुखणं कसलं असतं

व्यायाम करताना जी आग होते ती वेगळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना 'आई गं' होतं ते वेगळं. रोलर मुख्यतः या दुसऱ्या दुखण्यासाठी. जिममधली मंडळी याला 'डॉम्स' म्हणतात, म्हणजे व्यायामानंतर उशिरा येणारं स्नायूंचं दुखणं. अमेरिकेत थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच या उशिरा येणाऱ्या दुखण्याची नोंद करून ठेवली होती आणि स्नायूच्या आतच काहीतरी फाटत असावं असा अंदाज बांधला होता. हे दुखणं काही तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळस गाठतं आणि आठवड्याभरात आपोआप जातं, तुम्ही रोलर मारा नाहीतर नका मारू.

'लॅक्टिक ॲसिड साठलंय, ते रोल करून काढायचं' हे वाक्य अजूनही इतक्या ट्रेनरांच्या तोंडी असतं की विचारू नका. व्यायाम थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखायला लागतं तेव्हा काढायला काही उरलेलंच नसतं. खरं कारण असं की स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, मग तिथे सूज येते आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोकं जास्त संवेदनशील होतात, त्यामुळे एरवी जाणवणारही नाही एवढा दाब पण दुखतो. म्हणून चढण्यापेक्षा उतरणं महागात पडतं. कळसूबाईवर (उंची १६४६ मीटर) चढताना दम लागतो, छाती फुटेल असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्या चढाईमुळे नाही, तर शिड्या आणि पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूने ब्रेकचं काम केलं म्हणून. स्क्वॉटमध्ये खाली बसताना तेच, सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट परत उतरताना तेच. हाच व्यायाम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केला की दुखणं बरंच कमी असतं, शरीर शिकतं, आणि या सवयीचा फायदा कुठल्याही रोलरपेक्षा मोठा आहे.

फायदा होतो का, आणि किती

होतो. थोडा होतो. कॅनडातल्या मेमोरियल युनिव्हर्सिटी ऑफ न्यूफाउंडलंडमधल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या २०१३ च्या प्रयोगात ११ पुरुषांनी मांडीच्या पुढच्या बाजूला एक-एक मिनिट दोनदा रोलर फिरवला, तर दोन मिनिटांनंतर मोजलं तेव्हा गुडघा साधारण १० अंश जास्त वाकत होता, दहा मिनिटांनी ८ अंश, आणि स्नायूची ताकद मात्र कमी झाली नव्हती. हे महत्त्वाचं अशासाठी की एकाच जागी बराच वेळ धरून ठेवलेलं स्ट्रेचिंग लगेच आधी केलं तर ताकद थोडी घसरते असं दिसलेलं होतं. मग २०१४ मध्ये २० जणांना दहा-दहाचे दहा सेट स्क्वॉट मारायला लावले (वाचूनच मांड्या भरून येतात), त्यातल्या निम्म्यांनी लगेच आणि पुढचे दोन दिवस २०-२० मिनिटं रोलर मारला, बाकीच्यांनी नाही. रोलरवाल्यांचं दुखणं तिन्ही दिवस कमी राहिलं.

पण असे प्रयोग छोटे असतात, दहा-वीस तरुण पोरं, आणि कोणाला रोलर मिळाला हे कोणापासून लपवता येत नाही, गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते तसा खोटा रोलर देता येत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये २१ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला तेव्हा व्यायामानंतर रोलर मारल्याने दुखण्याच्या जाणिवेत सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास फरक आला, आणि आधी मारल्याने लवचिकतेत ४ टक्क्यांच्या आसपास. निष्कर्ष त्यांनीच काढला की परिणाम एकूण किरकोळच आहेत, काही बाबतीत उपयोगी ठरू शकतात एवढंच. सहा टक्के म्हणजे काय तर दुखायचं ते दुखणारच, पण खुर्चीतून उठताना तोंडातून आवाज जरा लहान निघेल. ज्याला लगेच परवा पुन्हा पळायचंय किंवा मॅच खेळायचीय त्याला एवढंही पुरतं.

गाठी फुटत नाहीत

आता मुख्य मुद्दा. रोलरने स्नायूतल्या 'गाठी' फुटतात, स्नायूंवरचं पातळ आवरण म्हणजे फॅशिया चिकटलेलं असतं ते सुटतं, असं सगळीकडे सांगतात, वस्तूच्या खोक्यावर पण छापलेलं असतं. २००८ मध्ये गणिती मॉडेल वापरून याचा हिशोब झाला, मांडीच्या बाहेरच्या बाजूचं आणि तळपायाचं जाड आवरण १ टक्का जरी दाबायचं किंवा सरकवायचं तरी लागणारा जोर माणसाच्या हाताने देता येईल त्याच्या कितीतरी बाहेर जातो असं निघालं. आणि ते बरंच आहे, नाहीतर नुसतं दगडावर बसलो तरी आपला आकार बदलला असता. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत बाहेरून जाणारा जो आयटी बँड असतो, ज्याच्यावर पळणारे लोक दात-ओठ खात रोलर घासत असतात, तो तर आतून मांडीच्या हाडाला पक्का जोडलेला असतो, तो रोलरने लांब होणं शक्यच नाही. तिथे जे दुखतं ते बहुतेक वेळा बँड आणि हाड यांच्यामधला मऊ भाग चेंगरतो म्हणून दुखतं.

मग आराम कशाने पडतो? आत्ता ज्या गोष्टीकडे जास्त पुरावा झुकतोय ती म्हणजे मज्जासंस्था. दाब आणि स्पर्शाचे संदेश मेंदूकडे गेले की वेदनेचा आवाज थोडा वेळ खाली येतो, ताण सहन करण्याची तयारी वाढते, म्हणून सांधा जास्त वाकतो. याची सगळ्यात गमतीशीर साक्ष म्हणजे एका पोटरीवर रोलर फिरवला तर दुसऱ्या, हातही न लावलेल्या पोटरीची दाब सोसण्याची क्षमता वाढलेली दिसते. गाठ फुटत असती तर हे कसं झालं असतं सांगा. त्यामुळेच 'जेवढं जास्त दुखेल तेवढं चांगलं' हा जो हिशोब आहे तो उलटा आहे, श्वास कोंडून, मुठी आवळून रोलर मारला तर शरीर सैल पडण्याऐवजी अजून आवळून घेतं. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर सहा-सात इतकं, गोड दुखावं, बोलता येत राहावं, त्याच्या वर नको.

मारायचा कसा

पोटरीपासून सुरुवात करणं सोपं. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, रोलर घोट्याच्या वर ठेवायचा, हात मागे टेकून ढुंगण जरा उचलायचं आणि घोट्याकडून गुडघ्याच्या खालपर्यंत सावकाश यायचं, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर इतकं सावकाश. मध्येच एखादी जागा जास्त दुखते तिथे थांबायचं, २०-३० सेकंद, पाऊल वर-खाली हलवायचं, श्वास सोडायचा, आणि तीव्रता ओसरली की पुढे. दाब कमी वाटला तर दुसरा पाय पहिल्यावर टाकायचा, जास्त वाटला तर ढुंगण खाली टेकायचं. मांडीच्या पुढच्या बाजूसाठी पालथं पडून कोपरांवर यायचं, प्लँकसारखं, आणि इथे एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे कंबर खाली झोळ खाऊ द्यायची नाही, नाहीतर मांडी मोकळी होईल आणि कंबर धरेल. मांडीची मागची बाजू आणि ढुंगण बसूनच होतं, पाठीचा वरचा भाग हात छातीवर घेऊन. एका स्नायूला किती वेळ, तर दुखणं कमी करायचं असेल तर किमान ९० सेकंद तरी द्यावेत असं २०१९ च्या एका आढाव्यात म्हटलंय. चार-पाच स्नायू धरले तर दहा-पंधरा मिनिटं होतात, टीव्ही बघत बघत होऊन जातं.

गुडघ्याच्या वाटीवर, गुडघ्यामागच्या खळग्यात, नडगीच्या हाडावर, मानेवर रोलर नको. कंबरेच्या खालच्या भागात पण नको, तिथे बरगड्यांचा आधार नसतो आणि कणा मागे वाकतो. उघडी जखम किंवा हाड मोडलेलं असेल तर त्या भागाला अजिबात लावायचा नाही. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा नुसता संशय असेल (एकच पोटरी सुजली, गरम, लाल, न चालताही दुखते) तर रोलर बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, हाडं ठिसूळ झालेले, गरोदर बायका यांनी विचारूनच. आणि खूप दिवसांनी एकदम अति व्यायाम केल्यावर स्नायू टणक सुजले, हात-पाय हलेनात आणि लघवी कोलासारखी गडद व्हायला लागली तर ते डॉम्स नाही, स्नायू विघटन होऊन मूत्रपिंडावर ताण येतोय असं असू शकतं, त्यासाठी थेट दवाखाना, रोलर-बिलर काही नाही.

आला कुठून

मोशे फेल्डेनक्राइस (१९०४ ते १९८४) हे भौतिकशास्त्र शिकलेले, ज्युदोत ब्लॅक बेल्ट असलेले गृहस्थ, गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्वतःच्या हालचालींचा अभ्यास करत बसले आणि त्यातून त्यांची एक पद्धत उभी राहिली. त्या पद्धतीत लाकडी आणि नंतर फोमचे रोलर आले, पण ते घासायला नव्हते, त्यावर झोपून किंवा उभं राहून तोल आणि शरीराची जाण सुधारायला होते. मालिशसाठी वापर १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या नर्तकांमध्ये सुरू झाला असं मानतात, आणि २००० नंतर अमेरिकेतल्या फिजिओ व स्ट्रेंथ कोच लोकांनी तो जिममध्ये आणला, तिथून जगभर.

आपल्याकडे दाबाने अंग मोकळं करणं नवीन थोडीच आहे. तालमीत मेहनत झाली की तेलाचं मालिश आलंच, पठ्ठे एकमेकांच्या मांड्या-पाठी रगडतात, पायाने तुडवतात. घरोघरी दमून आलेले बाबा पालथे पडून 'जरा पाठीवर चाल रे' म्हणतात आणि सहा-सात वर्षांचं पोर भिंत धरून चालतं. ते पोर मोठं होऊन जड झालं की पंचाईत, रोलरचं वजन वाढत नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाली आणि त्यानंतर मुंबई-पुण्यात पळणाऱ्यांचे ग्रुप वाढले, त्यांच्या बॅगेतून रोलर सोसायट्यांच्या गच्चीवर पोचला.

कोणता घ्यायचा

पांढरा मऊ फोम स्वस्त पण काही महिन्यांत मध्ये दबतो. काळा, दाणेदार दिसणारा ईपीपी फोम कडक, आकार धरून राहतो पण नवख्याला टोचतो. आतून पोकळ पाइप आणि वरून ईव्हीए या रबरासारख्या फोमचे उंचवटे असलेला ३३ सेंटीमीटरचा प्रकार सध्या जास्त चालतो कारण तो ट्रेकच्या सॅकमध्येही बसतो. पाठीसाठी मात्र लांब लागतो. हातात धरून फिरवायची काठी मिळते, लाटण्यासारखी, ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही त्यांना ती बरी, आणि तळपायाला टेनिसचा बॉल पुरतो. काही जण पीव्हीसी पाइपला जुनी योगा मॅट गुंडाळून घरीच करतात, चालतं, फक्त सुरुवातीला कडक लागतं. व्हायब्रेशनवाले रोलर कित्येक पट महाग असतात. साधा हजाराच्या आत येतो. जिममधला वापरणार असाल तर आधी पुसून घ्या, त्या खाचांमध्ये सगळ्यांचा घाम असतो.