सराव पाठ पेठेत, नोकरी वस्तीत

फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षक शिक्षणाच्या नव्या नियमांचा मसुदा आला आणि एक वर्षाचं बी.एड. परत येणार ही बातमी पसरली. ज्यांच्याकडे चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आहे, त्यांना एक वर्ष पुरे, असा त्याचा आशय. बोलणं झालं ते बहुतेक वाचणाऱ्या वर्षाचं आणि वाचणाऱ्या फीचं. पुण्यासारख्या शहरातल्या वर्गात जी मुलं समोर बसतात, त्यांना शिकवायची तयारी किती काळात होते, हा मुद्दा त्यात मागे पडला. २०१५ मध्ये एकाची दोन वर्षं झाली त्यामागे मात्र हाही एक मुद्दा होता, आणि त्या निर्णयाची सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यापासून झाली होती.

पुण्याला शिक्षक घडवण्याचा मोठा वारसा आहे, हे वाक्य इथल्या शैक्षणिक समारंभांत हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिकवणारी बाईही तयार करावीच लागली होती. १८५५ च्या रात्रशाळेत दिवसभर राबणारी माणसं येऊन बसली. मूल कुठल्या घरातून आलंय हे पाहून शिकवणं ही पुण्यात अध्यापनाची पदवी येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. १८७० मध्ये इथे शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं, १९१७ मध्ये स्त्रियांची अध्यापनशाळा, १९४१ मध्ये पदवीधरांसाठी शिक्षण महाविद्यालय. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणारं राज्याचं कार्यालयही कुमठेकर रस्त्यावरच. लोहियानगर, कासेवाडी या वस्त्या तिथून फार लांब नाहीत. अभ्यासक्रमात यायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

जुन्या एक वर्षाच्या बी.एड.चा कणा म्हणजे सराव पाठ. आधी सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांत एकेका कौशल्याचा सराव), मग सेतुपाठ (ती कौशल्यं जोडणारे छोटे पाठ), आणि गणपती उठले की दोन अध्यापन पद्धतींचे पाठ. त्याआधी रात्री जागून टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, काढायचं. वहीच्या वरच्या चौकटीत इयत्ता, तुकडी, घटक, आणि त्याखाली एक ओळ: ‘पूर्वज्ञान: विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख आहे.’ म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांना, सारखीच. खाली रकाने: शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन. विद्यार्थी कृतीत मुलं काय उत्तर देणार तेही आदल्या रात्रीच लिहिलेलं. निरीक्षक मागच्या बाकावर बसून शेरे लिहीत: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, वेळेचं भान चांगलं. ज्या मुलाने तासभर तोंड उघडलं नाही, त्याच्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

पाठ कुठे घ्यायचे, हे सोयीनं ठरे. कॉलेज पेठेत किंवा डेक्कनच्या आसपास, म्हणून सराव शाळाही तिथल्याच. नामवंत संस्थांच्या, मराठी माध्यमाच्या, अनुदानित. त्यातही मुख्याध्यापक शक्यतो शिस्तीची तुकडी देत, दहावीचे वर्ग तर देतच नसत. त्यांचंही चुकत नव्हतं; नवख्याच्या हाती अवघड वर्ग कोण देईल? पण परिणाम असा की छात्राध्यापक ज्या मुलांसमोर तयार होई, त्यांच्या घरी बहुधा कुणीतरी अभ्यास घेणारं असे. नोकरी लागे ती येरवड्यात, अप्पर इंदिरानगरला, जनता वसाहतीच्या पायथ्याशी किंवा कोंढव्यात, वस्त्यांतल्या मुलांच्या शाळांत.

डी.एड.ची, म्हणजे बारावीनंतरच्या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची, तऱ्हा वेगळी होती. तिथला छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत सलग राहून शिकवण्याचा काळ, बी.एड.च्या सराव पाठांपेक्षा कितीतरी खरा, हे मान्य करायला हवं. पण त्या पदविकेच्या डोळ्यांसमोर होती ती जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणं, शिकवलं जाई ते खेड्यासाठी. शहरात वर्गागणिक शिक्षक असतो, तिथे याची गरज काय, असा समज. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं ठरलं, तेव्हा पाचवीच्या एका वर्गात चार इयत्ता दिसू लागल्या. खेड्यासाठी शिकलेलं तंत्र शहरात हवं होतं, पण ते तसं कुणी सांगितलं नव्हतं.

शहर तोवर बदलून गेलं होतं. १९९७ मध्ये गावं हद्दीत आली, २०१७ मध्ये आणखी अकरा, २०२१ मध्ये तेवीस. खराडी, वाघोली, हिंजवडीच्या बांधकामांवर आलेल्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर दाखल होतात आणि स्लॅब पुरा झाला की निघून जातात. घरी लमाणी, वडारी, तेलुगू, भोजपुरी, नेपाळी, शाळेत मराठी. महापालिकेच्या शाळा मराठी, इंग्रजी, उर्दू आणि कन्नड माध्यमांत आहेत. तरी कलबुर्गीकडून आलेलं मूल कन्नड माध्यमाच्या शाळेजवळच राहायला येईल असं थोडंच आहे? आणि ते घरी लमाणी बोलत असेल तर कन्नडही त्याची दुसरीच भाषा. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजण्याची मोहीम झाली. शिक्षक सिग्नलवर, स्टेशनवर, मजूर अड्ड्यांवर फिरले. सापडलेल्या मुलांची नावं पटावर आली. त्यांना शिकवणार कसं, याचं प्रशिक्षण त्या मोहिमेत नव्हतं.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत वाटा आधीच फुटल्या होत्या. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मान्यता देणारी परिषद १९९२ च्या कायद्याने झाली, सर्वसाधारण शिक्षकांची १९९३ च्या. दोन परिषदा, दोन अभ्यासक्रम, दोन नोंदणी. विशेष बी.एड. करणाऱ्याला मुलांच्या क्षमता तपासता येतात, पण चाळीस जणांचा वर्ग हाताळायचा सराव बेताचा. सर्वसाधारण बी.एड.वाल्याला वर्ग येतो, पण श्रवणयंत्र लावलेल्या मुलाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत बोलू नये, एवढी साधी गोष्टही कुणी सांगितलेली नसते. ‘त्याच्यासाठी विशेष शिक्षक येतात ना’ हे शाळांमध्ये सर्रास ऐकू येणारं वाक्य याच फाट्यातून जन्मलं. आणि येणारे ते शिक्षक कंत्राटी, अनेक शाळांत मिळून एक. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यात आली. म्हणजे ज्यांना आजवर ‘ढ’ किंवा ‘खोडकर’ म्हणून मागे बसवलं जायचं, त्यांतली बरीच मुलं कायद्यानं दिसू लागली, आणि ती बसलेली होती सर्वसाधारण शिक्षकाच्याच वर्गात.

आता तो खटला. २००० नंतर महाराष्ट्रात डी.एड.चं पीक आलं होतं. शिक्षणसेवक योजनेत सुरुवातीला महिना ३,००० रुपयांवर राबावं लागे, तरी पुढे कायम नोकरी. म्हणून बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलं-मुली डी.एड.कडे वळली, आणि मागणी दिसताच संस्थाचालकही. राज्य सरकार म्हणे, आता पुरे; मान्यता द्यायचा अधिकार मात्र केंद्राच्या त्याच १९९३ च्या परिषदेच्या विभागीय समितीकडे. राज्यातल्या २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि संस्थांच्या तपासणीबरोबर देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाचीच चौकशी त्याच्याकडे सोपवली. तपासणीत त्यांतल्या बहुतेक संस्था नापास ठरल्या. २०१२ च्या अहवालाने म्हटलं की सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या देशातल्या सुमारे ९० टक्के संस्था बिगरसरकारी आहेत, प्रशिक्षणाचा काळ वाढवायला हवा, आणि प्रत्येक संस्थेला प्रयोगशाळेसारखी स्वतःची शाळा जोडलेली हवी.

यातली शेवटची शिफारस सर्वांत मोलाची होती, आणि तीच सर्वांत कमी पाळली गेली. काळ मात्र वाढला. २०१४ च्या अखेरीस नवे नियम आले. २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं, वर्षाला किमान २०० दिवस, शंभराऐवजी पन्नास विद्यार्थ्यांचं एकक, आणि दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत, म्हणजे आंतरवासिता. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. अभ्यासक्रमात ‘समावेशक शाळा’ आणि ‘सर्व विषयांतून भाषा’ हे विषय आले, तेही अर्ध्या पेपरचे. अर्धा पेपर म्हणजे पन्नास गुण. हा हिशेब मला आजही खटकतो. जे शहरातल्या प्रत्येक तासाला लागतं, त्याला अर्धा पेपर. आणि ज्या ज्ञानशास्त्रावर परीक्षेत पानं भरायची, त्याला पूर्ण.

विरोधही झाला, आणि तो सगळाच स्वार्थी नव्हता. फी दुप्पट. गावाकडून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला आणखी एक वर्ष घरी मागायचं. त्यात २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती थांबलेली, २०१३ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सुरू झालेली. म्हणजे दोन वर्षं घालवून नोकरीची खात्री शून्य. डी.एड.च्या जागा ओस पडत गेल्या, अध्यापक विद्यालयं बंद झाली. बी.एड. कॉलेजांचं म्हणणं, एकाच प्राध्यापकवर्गात दोन तुकड्या कशा सांभाळायच्या? शाळांचं म्हणणं, सोळा आठवडे ही पोरं आमच्याकडे करणार काय?

हा शेवटचा प्रश्न खरा कळीचा ठरला. एका पाठापुरती येणारी पाहुणी आणि चार महिने रोज परिपाठाला उभी राहणारी व्यक्ती यांना एकच वर्ग वेगळा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं की तिसऱ्या बाकावरची मुलगी सोमवारी नेहमी गैरहजर असते, कारण आई आठवड्याच्या बाजारात बसते आणि धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही. एखादा मुलगा फळ्यावरचं बिनचूक उतरवतो, पण त्याला ते वाचता येत नाही. पस्तीस मिनिटांच्या पाठात हे दिसणं शक्य नव्हतं. महापालिकेच्या शाळांत आंतरवासिता केलेल्यांच्या दैनंदिन्या चाळल्या तर अशा नोंदी ‘फलकलेखन सुवाच्य’पेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातात. माझं झुकतं माप या वीस आठवड्यांच्या पारड्यात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण बिघाड झाला तो इथेच. रिकाम्या जागा असलेल्या शाळांना आंतरवासिता म्हणजे फुकटचा बदली शिक्षक वाटला. ज्या वर्गाला शिक्षक नाही, तिथे छात्राध्यापक. शेजारी अनुभवी कुणी नाही, निरीक्षक महिन्यातून एकदा. दुसरीकडे काही कॉलेजांनी सोळा आठवडे कागदावर पुरे केले. प्रयोगशाळेसारखी शाळा जोडलेली असती तर दोन्ही टळलं असतं. अहवालातली लांबी उचलली आणि आधार ठेवून दिला. मग आठ-दहा वर्षांनी ‘दोन वर्षांनी काय साधलं?’ असं विचारलं जातं, तेव्हा उत्तर अडखळतं.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांची एकात्मिक पदवी (पदवी आणि बी.एड. एकत्र) २०३० पर्यंत किमान पात्रता व्हावी असं सांगितलं, आणि एक वर्षाच्या बी.एड.चं दारही त्याच कागदात उघडं ठेवलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असं मान्य केलं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यांना पदं जाहीर करायला पुन्हा बजावावं लागलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षक पदांना मंजुरी दिली, केंद्रामागे, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटामागे, एक या हिशेबाने. कंत्राटावर वर्षं काढलेल्यांना दिलासा, यात शंका नाही. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात. २०२३ मध्ये पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही असा निकाल आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक झाली. शिक्षकांच्या खोल्यांत सध्या पन्नाशीतली माणसं मानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवताना दिसतात ती त्यामुळे.

शिक्षणहक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांचाही इथे संबंध आहे. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला आणि जुलैत उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वादात जागांची, सरकारकडून शाळांना मिळायच्या फीच्या प्रतिपूर्तीच्या थकबाकीची चर्चा झाली. बाणेर किंवा कोरेगाव पार्कच्या शाळेत वस्तीतलं मूल आलं की त्याच्याशी इंग्रजीत बोलणाऱ्या शिक्षिकेची तयारी कुणी करून घेतली, हे कुणी विचारलं नाही. ती शिक्षिकाही याच शहरातल्या बी.एड. कॉलेजातून बाहेर पडलेली असते.

आता एक वर्षाच्या मसुद्याचा हिशेब मांडू. वर्षाचे २०० दिवस आणि आठवड्याला सहा दिवस धरले, तर वीस आठवड्यांचे १२० दिवस शाळेत जातात. उरलेल्या ८० दिवसांत मानसशास्त्र, मूल्यमापन, दोन अध्यापन पद्धती, परीक्षा आणि स्नेहसंमेलन. कात्री लागली तर ती शाळेतल्या दिवसांना तरी लागेल, नाहीतर त्या पन्नास गुणांच्या अर्ध्या पेपरांना. पद्धतींच्या पेपरांना कुणी हात लावणार नाही.