इकिगाई : चार वर्तुळांच्या आधी

इकिगाई, म्हणजे जपानीत ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ते, म्हटलं की हल्ली एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं: काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतील. चारही जिथे मिळतात तिथे इकिगाई. करिअर मार्गदर्शनाच्या वर्गांत तर याच्याशिवाय पान हलत नाही. पण ही वर्तुळं जपानची नाहीतच. ती मांडली आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने, आणि मधोमध त्याने ‘उद्देश’ असं लिहिलं होतं. २०१४ मध्ये मार्क विन याने आपल्या ब्लॉगवर तिथे ‘इकिगाई’ हा शब्द बसवला आणि चित्र जगभर फिरलं.

जपानी माणसाच्या बोलण्यात हा शब्द आधीपासून होताच. नातवंडं, बागकाम, एखादा छंद, कशालाही तो लागतो. त्याचा नीट अभ्यास मांडला तो मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी, १९६६ च्या ‘इकिगाईविषयी’ या पुस्तकात. कामियांचा जन्म १९१४ चा. वडील युद्धानंतर काही काळ जपानचे शिक्षणमंत्री होते. ऐन तारुण्यात कामियांना क्षयाने गाठलं. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचं चिंतन त्यांनी जपानीत आणलं.

पुस्तकाचा मालमसाला मात्र ओकायामा प्रांतातल्या नागाशिमा बेटावरचा आहे. तिथे १९३० साली कुष्ठरुग्णांसाठी सरकारी वसाहत उभी राहिली. जपानी कायद्याने या रुग्णांना समाजापासून तोडलं होतं. बेट आणि मुख्य भूमी यांच्यातली खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीस मीटर, पण पूल झाला तो १९८८ मध्ये. युद्धानंतर औषध आलं, रोग बरा होऊ लागला, तरी कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडलं.

कामिया १९४३ मध्ये विद्यार्थिनी म्हणून तिथे जाऊन आल्या होत्या. १९५७ पासून त्या संशोधनासाठी आणि उपचारांसाठी जाऊ लागल्या. रुग्णांना त्यांनी प्रश्नावली दिली, तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. खाण्यापिण्याची ददात नाही, आजारही सौम्य, असे कितीतरी जण लिहीत होते की दिवस नुसते वाया चाललेत. आणि त्याच आवारात, तेच अन्न खाऊन, काही जण आयुष्य भरलेलं आहे म्हणत होते. या दुसऱ्या गटाचा आजार हलका होता म्हणावं, तर तसंही नाही. बेटावर अंध रुग्णांचं हार्मोनिका वाद्यवृंद होतं. डोळे गेलेले आणि बोटांची संवेदनाही गेलेली माणसं ब्रेल जिभेने वाचायला शिकत. खरखरीत ठिपक्यांनी जीभ सोलवटून रक्त येई, तरी वाचन सुटत नसे.

हा फरक कशामुळे, याच प्रश्नाभोवती पुस्तक फिरतं. ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ती गोष्ट वेगळी आणि तसं वाटणं वेगळं, असं त्या म्हणतात. बदल, भविष्याची ओढ, कुणाकडून तरी मिळणारा प्रतिसाद, स्वातंत्र्य अशा माणसाच्या गरजाही त्या मांडतात. त्यांत पगार कुठेच नाही, आणि त्या बेटावर तो असणार तरी कसा! या माणसांना तिथे मुळात डांबलंच का, यावर मात्र कामियांनी पुरेसा आवाज उठवला नाही, अशी टीका पुढे झाली. ती मला रास्त वाटते.

पुढे हा शब्द आकडेवारीतही आला. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात १९९४ पासून ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांवर लोकांचा माग ठेवला गेला. ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ असा सरळ प्रश्न होता. साधारण ५९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. सात वर्षांच्या काळात ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ‘हो’वाल्यांच्या सुमारे दीडपट निघाला. अर्थात, मुळातच खंगलेला माणूस ‘नाही’ म्हणण्याची शक्यता जास्त, हेही ध्यानात घ्यायला हवं. संशोधकांनी प्रकृतीचा हिशेब धरला असला तरी.

दीर्घायुष्याशी घातलेली ही सांगड लेखकांच्या पथ्यावर पडली. २००५ मध्ये अमेरिकी लेखक डॅन ब्युटनर यांनी जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरच्या म्हाताऱ्यांवर लिहिलं. मग हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस ओकिनावातल्याच ओगिमी गावी गेले. तिथले आजी-आजोबा परसातल्या भाजीविषयी आणि शेजाऱ्यांविषयी बोलले. गार्सिया-मिरालेस यांच्या २०१६ च्या स्पॅनिश पुस्तकाचा मराठी अनुवाद आपल्याकडे सहज मिळतो, आणि बहुतेक मराठी वाचकांची इकिगाईशी ओळख तिथूनच झाली आहे.