महाग सॉफ्टवेअरने गिटारचा आवाज भरदार होतो का?

‘फुकटच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये अकूस्टिक गिटार पातळ वाजते, महागड्यात भरदार येते’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण महागड्या सॉफ्टवेअरचे प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) आधीच लावून देतात. फरक त्यांचा असतो.

इफेक्ट नसताना सॉफ्टवेअर फक्त इंटरफेसकडून (माइकचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारी पेटी) आलेले आकडे साठवतं. खात्री करायची तर एकच वेव्ह फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये घ्या, काहीही न लावता सारख्याच सॅम्पल रेट (सेकंदाला किती आकडे) आणि बिट डेप्थला (प्रत्येक आकडा किती बारीक) एक्स्पोर्ट करा. दोन्ही फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवून एकीला ‘इन्व्हर्ट’ द्या, म्हणजे तिची लहर उलटी होते, आणि एकत्र वाजवा. दोन्ही सारख्याच असल्याने एकमेकींना खोडतील आणि जवळपास शांतता मिळेल. बारीक गिटार ऐकू आलीच तर दोन्हींची पातळी जुळवून पुन्हा बघा.

आवाज खरा बदलतो तो माइकपाशी. साउंडहोलसमोर (गिटारच्या गोल भोकासमोर) धरला तर खर्ज घुमतो. बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीच्या) समोर, वीतभर अंतरावर धरा, तारांचा आवाज मोकळा येतो. (जुन्या तारा मात्र कुठेही धरा, मंदच.)

सॉफ्टवेअर निवडताना टेक (वेगवेगळ्या वेळी वाजवून घेतलेले तुकडे) जोडणं सोपं आहे का, ठेका देणारा मेट्रोनोम आहे का, तुमच्या कॉम्प्युटरवर अडखळत नाही ना, एवढं पाहा.