अंगठा का उठत नाही?

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की बीड जिल्ह्यातील कित्येक गावांत मागे राहतात ती मुख्यतः म्हातारी माणसे. महाराष्ट्राचा प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ नोंदला गेला. लोकसंख्या टिकायला तो २.१ लागतो. त्यामुळे हे हंगामी चित्र पुढे बारमाही होण्याची चिन्हे आहेत आणि नेमक्या याच काळात रेशनपासून हयातीच्या दाखल्यापर्यंतची कामे अंगठ्यावर आली आहेत. ‘अंगठा उठत नाही’ असे ऐकल्यावर आजी बोट पदराला पुसते, केसांतून फिरवते आणि पुन्हा काचेवर टेकवते.

वय झाले की ठसे पुसले जातात, हा समज चुकीचा आहे. बोटावरील कंगोऱ्यांची रचना गर्भातच ठरते आणि तिचा साचा त्वचेच्या खोल थरात असल्यामुळे ती जन्मभर टिकते. बदलते ती वरची त्वचा. ऑप्टिकल यंत्रात काचेच्या आतून प्रकाश सोडलेला असतो; जिथे हवा असते तिथे तो पूर्णपणे परावर्तित होतो आणि जिथे ओलसर कंगोरा काचेला घट्ट चिकटतो तिथे परावर्तन मोडून काळी रेघ उमटते. उतारवयात घाम आणि तेल कमी होते, कंगोरे सपाट होतात, शिवाय कोयता आणि कापूसवेचणीने ते झिजलेले असतात. त्यामुळे रेघ जागोजागी तुटते. संगणक चित्राशी चित्र ताडत नाही, तर रेघा जिथे संपतात किंवा दुभंगतात त्या बिंदूंच्या जागा आणि दिशा जुळवून गुण देतो. तुटलेली प्रत्येक रेघ त्याला दोन खोटी टोके दाखवते आणि गुण घसरतात. उत्तीर्णतेची मर्यादा खाली आणावी, तर भलत्याचाच अंगठा चालून जाण्याचा धोका वाढतो. केसांच्या तेलाने आजीचा अंगठा कधीकधी उठतो, तो चमत्कार नव्हे. काच आणि त्वचा यांच्यामधली हवा तेवढी हटलेली असते.

हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्याची ओळखही चालते, पण त्यासाठी चांगला मोबाइल आणि तो धरणारे कोणी तरी लागते. राहिला ओटीपी. आधारला जोडलेला क्रमांक बहुधा मुलाचा असतो, मुलगा चाकणला पाळीवर असतो आणि ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो.