नळीतले भोक: चालणाऱ्या नकलेमागचा दोनशे वर्षांचा इतिहास

कॉलेजात एनसीसीत असताना पंधरा ऑगस्टच्या परेडसाठी आमच्या हाती पहिल्यांदा रायफल आली. नागपूरचा पाऊस, मैदानावर काळ्या मातीचा चिखल, आणि खांद्यावर चार किलोचे लाकूड-लोखंड. विश्रांतीत मी बोल्ट मागे ओढून आत डोकावलो, तर चेंबरच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडलेले. दस्त्यावर पांढरा पट्टा आणि ‘डीपी’ ही अक्षरे. ड्रिल पर्पज. उस्तादांनी सांगितले, ही थ्री-नॉट-थ्रीच आहे, हिने कधीकाळी गोळ्या झाडल्यात, आता फक्त कवायतीची. ते भोक माझ्या डोक्यातून गेले नाही.

परवा हिंगणा एमआयडीसीत लेथवर उभी हयात घालवलेल्या एका मित्राने विचारले, “१८५७ची एन्फिल्ड नव्याने बनवता येईल का रे? खरी, बार काढणारी?” हात त्याचा एवढा साफ आहे की प्रश्न पोकळ नव्हता. पण त्याचे उत्तर लेथवर मिळत नाही. आपल्याकडे लष्करी बंदुकीची नक्कल दीडशेहून अधिक वर्षे होत आली आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तिच्यातली एक गोष्ट मुद्दाम काढून घेतली गेली आहे. काय काढायचे, हे कारागिराने कधी ठरवले नाही.

सुरुवात बर्डीच्या टेकड्यांपासून करू. २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेन्सीचे सैन्य यांच्यात लढाई जुंपली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. भोसल्यांकडच्या अरबांच्या हातात तोड्याच्या बंदुका होत्या. जळता तोडा, म्हणजे धुमसती दोरी, चापासरशी रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकायचा आणि बार उडायचा. कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या, गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या. दोन्ही ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी तोंडातून ठासायच्या, दोन्हींची नळी आतून गुळगुळीत. पण तोड्याची बंदूक एकेका लोहाराच्या हातची असे. एकीचा घोडा दुसरीला बसत नसे. त्यामुळे आजच्या अर्थाने तिची ‘नक्कल’ संभवतच नव्हती. दुसरी बनवली की ती दुसरीच बंदूक व्हायची.

नक्कल शक्य झाली ती गेजमुळे, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी साच्यामुळे, आणि इथे थोडे थांबायला हवे. १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड म्हणजे ३९ इंची नळी, ०.५७७ इंचाचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि नळीत गोळीला फिरकी देणारे तीन आटे. पण तिची खरी नवलाई होती ती कारखान्यात. ब्रिटिश सरकारने अमेरिकेतून यंत्रे आणून इंग्लंडमधल्या एन्फिल्ड गावच्या कारखान्यात बसवली आणि प्रत्येक भाग मोजपट्टीऐवजी गेजवर तपासायला सुरुवात केली. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही तर भंगार. तिथे बनलेल्या कोणत्याही बंदुकीचा घोडा मग तिथल्याच कोणत्याही बंदुकीला बसू लागला. माझा मित्र रोज हेच काम करतो, गो आणि नो-गो. त्याच्या धंद्याचा पणजोबा बंदुकीच्या कारखान्यात जन्मला, हे ऐकून तो क्षणभर गप्पच झाला.

याच बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ पेटले. नागपूर संस्थान खालसा होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. टाकळीच्या घोडदळानेही त्या जूनमध्ये उठाव ठरवला होता, तो फसला. पुढे जे घडले ते या कथेचे मर्म आहे. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी वेगळी बंदूक काढली. बाहेरून तोच घाट, तेच कडे, तोच दस्ता. आतून मात्र ०.६५६ इंचाची गुळगुळीत नळी. आटे गायब, लांब पल्ल्याचा नेम धरायची माशी गायब. गोऱ्या सोल्जरच्या रायफलीसमोर ही तोकडी पडावी, एवढ्यासाठीच ती बनली. माझ्या मते हिंदुस्थानातली लष्करी रायफलीची पहिली पद्धतशीर नक्कल ती हीच, आणि ती अविश्वासातून जन्मली. त्यानंतर कित्येक वर्षे हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनेच हत्यार मिळत राहिले.

सामान्य माणसाच्या घरापर्यंत हा अविश्वास १८७८च्या शस्त्र कायद्याने आला. हत्यार बाळगायचे तर परवाना हवा, आणि युरोपीयांना त्यातून सूट. या कायद्याशी नागपूरचे नाते खास आहे. १९२७ साली मंचरशा आवारी, ज्यांना शहर जनरल आवारी म्हणून ओळखते, त्यांनी इथे शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह उभारला. स्वयंसेवक उघड्या तलवारी घेऊन मिरवणुकीने निघत आणि पकडले जात. आवारी तुरुंगात गेले, तिथे त्यांनी उपोषण केले. झेंडा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक असतो. तलवारींची ती मिरवणूक आपल्याच गावात विस्मरणात गेली, याची मला खंत वाटते.

दरम्यान नक्कल करणारा कारखाना आपल्याच देशात उभा राहिला होता. कोलकात्याजवळच्या ईशापूरला पूर्वी दारूगोळ्याची गिरणी होती. तिथेच विसाव्या शतकाच्या आरंभी रायफलींचा कारखाना सुरू झाला आणि तिथून ली-एन्फिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री, निघू लागली. जेम्स पॅरिस ली याचा बोल्ट आणि दहा गोळ्यांचे मॅगझिन, पाच-पाचच्या दोन चिमट्यांनी भरायचे. बोल्ट इतका सुळसुळीत की तरबेज सैनिकाकडून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे.

पण पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी ईशापूरने याच रायफलीचे वेगळे रूप काढले. नळी गुळगुळीत, बोअर ०.४१०, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. ते काडतूसही बाजारातल्या फोर-टेनपेक्षा निराळे, म्हणजे बंदूक पळवली तरी पळवणाऱ्याला गोळी मिळू नये. पुन्हा तोच चेहरा, आणि पुन्हा आतून काहीतरी काढलेले.

तिसरे रूप आपल्या विदर्भातल्या जुन्या शिकाऱ्यांच्या घरात सापडते. लष्कराचे काडतूस चालेल अशी रायफल सामान्य माणसाकडे नको, हे सरकारचे धोरण. म्हणून बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी आणि नंतर ईशापूरने थ्री-नॉट-थ्रीचाच बोल्ट घेऊन ०.३१५ची स्पोर्टिंग रायफल बनवली. जोडीला वेगळे, ८ मिलिमीटरचे काडतूस. लायसन्सवाले तिला थ्री-फिफ्टीन म्हणतात. जुन्या लष्करी रायफलीची गोळी झाडणारी, कायदेशीर, परवान्यावर मिळणारी नक्कल म्हणाल तर ती हीच. आपण तिला कधी नक्कल म्हटले नाही, इतकेच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबत गेली, तरी रायफली परवान्यावर घरांत राहिल्या.

ली-एन्फिल्डची शेवटची नक्कल लष्करासाठी होती आणि तिच्यातून काही काढलेले नव्हते. १९६२च्या चीन युद्धानंतर हत्यारांची चणचण होती. ईशापूरने जुन्याच घाटाची रायफल जास्त मजबूत पोलादात, ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी बनवली. तिलाच टू-ए आणि पुढे टू-ए-वन म्हणतात. माशीवरचा २००० मीटरचा आकडा पुढच्या रूपात ८०० वर आणला, कारण दोन हजारांवर कुणी नेम धरत नव्हते. त्याच दशकात, १९६६ साली, आपल्या अंबाझरीला आयुध निर्माणी आली. रायफली तिथे बनत नाहीत, पण गेज हातात धरणाऱ्या माणसांची एक पिढी तिने शहराला दिली. हिंगण्याच्या कितीतरी वर्कशॉपांत ती शिस्त पाझरलेली दिसते.

परदेशात वाट वेगळी झाली. अमेरिकेत यादवी युद्धाची शताब्दी १९६१ला सुरू व्हायची होती. जुन्या ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करणारे हौशी तिथे आधीच जमले होते आणि मूळ बंदुका झिजत चालल्या होत्या. १९५०च्या दशकाच्या शेवटी व्हॅल फोर्गेट नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने इटलीतल्या कारागिरांकडून जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची चालणारी प्रत बनवून घेतली. आल्प्सच्या पायथ्याची गार्दोने ही बंदूकवाल्यांची दरी त्या धंद्यावर पुढे मोठी झाली. १९७०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने १८५३ची एन्फिल्ड पुन्हा काढली ती एन्फिल्डमध्ये जपून ठेवलेल्या मूळ गेजवर. शंभर वर्षांपूर्वी जे लोखंड पास-नापास ठरवत होते, त्याच गेजने नव्या बंदुका तपासल्या. नकलेची याहून प्रामाणिक कसोटी मला माहीत नाही. वर तिथे प्रत्येक नळी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाने तपासून शिक्का मारल्याशिवाय विकता येत नाही. नळी फाटली तर ती तोंडापासून वीतभर अंतरावर फाटते, म्हणून हा शिक्का.

आपल्याकडेही परदेशी हौशींसाठी जुन्या ठासणीच्या बंदुका बनतात आणि निर्यात होतात. त्यातल्या बऱ्याच एका गोष्टीवाचून जातात. रंजकाची आग नळीत शिरायचे बारीक छिद्र पाडलेलेच नसते. छिद्र नाही तर बार नाही. एनसीसीच्या रायफलीत भोक पाडून बंदूक मारली होती, इथे भोक न पाडून.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर १९५९च्या शस्त्र कायद्यात आहे. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे, मग ती १८५३ची प्रत असो की कालची. कलम ६ प्रमाणे दिखाऊ बंदूक चालती करायलाही परवानाच लागतो. कलम ४५ जुनाट हत्यारांना सूट देते, पण जी दुरुस्त करूनही झाडता येणार नाहीत अशांनाच. वाड्याच्या भिंतीवरची गंजलेली बंदूक त्यात बसू शकते, नवी कोरी चालणारी प्रत बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीने बेकायदा बंदूक बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. ठासणीच्या बंदुकीला आजही कायद्यात एक जागा आहे, ती पीक संरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरांनी तूर-हरभरा उकरलेला शेतकरी तिच्यासाठी अर्ज करू शकतो. इतिहासाच्या हौसेसाठी तशी वाट नाही.

हे सगळे मी त्याला चहा घेता घेता सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग आम्ही सिव्हिल लाइन्सला अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयात, गेलो आणि शस्त्रांच्या दालनात काचेला नाक लावून तासभर उभे राहिलो. तो दस्त्याचा उतार आणि घोड्याची वळणे हाताने हवेत गिरवत होता.

आता त्याच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात, ओळखीच्या शाळेच्या इतिहास-प्रदर्शनासाठी, एक एन्फिल्ड आकार घेते आहे. दस्ता, घोडा, चाप, कडी, सगळे सागवानी. नळीही सागवानाचीच, आतून भरीव. लांबी त्याने व्हर्नियर लावून तीनदा मोजली: ३९ इंच.