हातात आधार, पण यादीत नाव नाही: नाशिकच्या मतदारांसाठी नोंदणी आणि ओळखपत्रांची माहिती

मतदानाच्या दिवशी सिडकोतल्या किंवा सातपूरच्या कोणत्याही शाळेच्या फाटकाबाहेर थांबा, हा प्रश्न कानावर येतोच: "आधार आहे, पॅन आहे, मग मला मत का देऊ देत नाहीत?" उत्तर कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ नुसार त्या मतदारसंघाच्या यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. ओळखपत्राचा प्रश्न त्यानंतरचा. समोर उभा माणूस आणि यादीतलं नाव एकच आहे, एवढंच ते सिद्ध करतं. सगळी चर्चा कार्डाभोवती फिरते आणि यादी बघायची राहून जाते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

केंद्रावर कोणतं ओळखपत्र चालतं

पहिला मान मतदार ओळखपत्राला, म्हणजे ज्याला सगळे 'वोटर कार्ड' म्हणतात त्याला. ते नसेल किंवा हरवलं असेल तर निवडणूक आयोगाने लोकसभा-विधानसभेसाठी पर्यायी कागदांची यादी दिलेली आहे. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत असे १२ पर्याय होते. बहुतेकांकडे असणारे म्हणजे आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट आणि बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक. त्याशिवाय मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, कामगार मंत्रालयाच्या योजनेतलं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं स्मार्ट कार्ड, नोकरीचं ओळखपत्र आणि आमदार-खासदारांना मिळणारी कार्डं.

नोकरीच्या ओळखपत्राबद्दल नाशिकमध्ये हमखास गोंधळ होतो. केंद्र किंवा राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम आणि पब्लिक लिमिटेड कंपनीचं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं. म्हणजे नाशिकरोडच्या नोटांच्या सरकारी प्रेसमधल्या कामगाराचं किंवा ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातल्या माणसाचं कार्ड चालेल. अंबडच्या एखाद्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड युनिटचा गेटपास किंवा लेबर काँट्रॅक्टरने दिलेलं कार्ड या यादीत बसत नाही. एकाच एमआयडीसीतले, एकाच शिफ्टचे दोन कामगार असतात. एकाचं कार्ड चालतं, दुसऱ्याचं नाही.

रेशनकार्डही या यादीत नाही. घरातला सगळ्यात जपून ठेवलेला कागद तोच असतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना हे पटतच नाही. घरोघर वाटली जाणारी मतदार माहिती चिठ्ठीसुद्धा २०१९ पासून ओळखीचा पुरावा धरली जात नाही. केंद्र कुठलं, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक काय, एवढं सांगायला ती उपयोगी. ती सोबत ठेवा, पण ओळखपत्रही न्या.

कागद मूळ न्या. झेरॉक्सच्या भरवशावर रांगेत तासभर उभं राहू नका. मोबाइलमधल्या फोटोचाही उपयोग नाही, कारण मतदान कक्षापर्यंत मोबाइल नेताच येत नाही. ई-ईपिक, म्हणजे २५ जानेवारी २०२१ पासून मिळणारं डिजिटल मतदार ओळखपत्र, डाउनलोड केलं असेल तर आदल्या दिवशीच त्याची प्रिंट काढून ठेवा.

कार्डावर नावाचं स्पेलिंग चुकलं असेल, वय एखाद्या वर्षाने मागेपुढे असेल, तर घाबरू नका. ओळख पटत असेल तर अशा किरकोळ लेखनिक चुकांकडे दुर्लक्ष करावं, अशी आयोगाची सूचना आहे. दुसऱ्या मतदारसंघात असताना काढलेलं जुनं कार्डही चालतं, नाव मात्र इथल्या यादीत हवं. फोटोच जुळत नसेल, तर वरच्यापैकी दुसरा कागद दाखवावा लागतो. लग्नानंतर आधारवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं, असं असणाऱ्या बायकांनी शक्यतो वोटर कार्डच न्यावं. बुरखा किंवा डोक्यावरून पदर घेणाऱ्या महिलांची ओळख आडोशाला महिला कर्मचाऱ्याकडून पटवण्याची तरतूद आहे. तशी मागणी करायला संकोच नको.

फोटो सक्तीचा वाद

फोटो ओळखपत्राची कल्पना इथे आली ती १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. बोगस मतदान हे तेव्हा उघड दुखणं होतं. ओळखपत्रं दिली नाहीत तर १९९५ पासून निवडणुकाच घेणार नाही, इथपर्यंत त्यांनी ताणलं होतं. ते टिकलं नाही, आणि टिकलं नाही हे बरंच झालं: सरकारने कार्ड द्यायला उशीर केला म्हणून नागरिकाचं मत थांबवणं न्यायाचं नव्हतं. पुढे पर्यायी कागदांची जी यादी आली, ती याच पेचातून काढलेली वाट आहे.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने मतदानासाठी फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं आणि मे २०२३ च्या इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत ते पहिल्यांदा लागू झालं. तिथल्या निवडणूक आयोगाच्या हिशेबाप्रमाणे केंद्रावर आलेल्यांपैकी सुमारे ०.२५ टक्के, म्हणजे किमान १४ हजार लोक, या कारणाने मत न देताच परतले. ज्येष्ठांचा बसपास चालतो पण विद्यार्थ्यांचा रेल्वेपास नाही, यावरून तिथे बरीच टीका झाली. कोणता कागद यादीत घ्यायचा आणि कोणता वगळायचा, या निर्णयाचा फटका ठरावीक लोकांनाच बसतो. रेशनकार्ड वगळलं की तो कोणाला बसतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

माझं मत स्पष्ट आहे. फोटो मागण्यात गैर काही नाही. आपल्या नावावर दुसरा कोणी मत टाकून गेला, तर तो गरिबाचाच हक्क आधी मारला जातो. पण फोटो ओळखपत्र फक्त एकाच प्रकारची फसवणूक अडवतं, दुसऱ्याच्या नावाने केलेलं मतदान. ज्याचं नाव कळवणच्या गावातही आहे आणि सिडकोतही आहे, त्याच्याकडे दोन्ही ठिकाणी दाखवायला खरंच स्वतःचं ओळखपत्र असतं. तिथे बोटावरची शाई आणि स्वच्छ यादी हेच इलाज. २०२५ मध्ये दुबार नावांवरून राज्यात मोठा गदारोळ झाला, १ नोव्हेंबरला मुंबईत विरोधी पक्षांचा मोर्चा निघाला. त्यानंतरच्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संशयित दुबार नावांपुढे दोन चांदण्यांची खूण केली आणि 'मी दुसरीकडे मतदान करणार नाही' असं लिहून घ्यायचं ठरवलं. हा सगळा दोष यादीचा होता.

उलट बाजूही तितकीच खरी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातली माणसं द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर येऊन राहतात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) ही कामं ऐन भरात असतात ते हे दिवस. त्यांची नावं गावाकडे आणि माणसं मळ्यावर. बीएलओ, म्हणजे यादीच्या पडताळणीसाठी घरोघर फिरणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी आला तेव्हा कुलूप दिसलं की नाव 'अनुपस्थित, स्थलांतरित, मयत' यादीत जातं. हे नीट लक्षात ठेवा: त्या यादीत नाव गेलं म्हणजे मत गेलं असं नाही. ओळखपत्र दाखवून, केंद्राध्यक्षांनी खात्री केल्यावर, सहीबरोबर अंगठा देऊन मतदान करता येतं. कोणी बाहेरच्या बाहेर परत पाठवत असेल तर निमूट परतू नका, केंद्राध्यक्षांना भेटायचं आहे असं सांगा.

नाव नोंदवायचं कसं

भारताचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण आणि त्या पत्त्यावर सर्वसाधारण वास्तव्य, एवढ्या तीन अटी. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीचा फॉर्म भरतानाच हे काम उरकून टाकावं.

आयुष्यातली पहिली नोंदणी असेल तर नमुना ६. पत्ता बदलला, नाव-वय-फोटो दुरुस्त करायचा, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद हवी, या सगळ्यासाठी नमुना ८. घरातलं कोणी वारलं तर नाव वगळण्यासाठी नमुना ७. परदेशात असलेल्यांसाठी ६अ.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. गावाहून किंवा पंचवटीतून सिडकोत राहायला आलेला माणूस नवा नमुना ६ भरतो, जुनं नाव तसंच राहतं आणि दुबार नोंद तयार होते. पंचवटी नाशिक पूर्वमध्ये येते, सिडको पश्चिममध्ये. शहरातल्या शहरात घर बदललं तरी मतदारसंघ बदलू शकतो. अशा वेळी नमुना ८ च भरायचा. जुना ईपिक क्रमांक, म्हणजे वोटर कार्डाचा क्रमांक, तोच राहतो. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बहुतेक लोक हे मुद्दाम करत नाहीत, त्यांना फॉर्मच चुकीचा हातात मिळतो.

कागद तीन: पासपोर्ट आकाराचा फोटो, वयाचा पुरावा (जन्मदाखला, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र) आणि पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी वीज, पाणी, गॅसचं बिल, आधार, पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत चालतं. घरातल्या कोणाची त्याच पत्त्यावर आधीच नोंद असेल तर त्याचा ईपिक क्रमांक अर्जात लिहा, पडताळणी सोपी जाते.

खरी अडचण भाड्याच्या खोलीतल्या माणसाची. सातपूर-अंबडला एका चाळीत दहा-दहा कामगार राहतात. वीजबिल मालकाच्या नावावर, भाडेकरार तोंडी, आणि मालक सही द्यायला कचरतो. अशांनी अर्ज सोडून देऊ नये. कागद नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष जागेवर येऊन खात्री करायची असते. बेघर माणसासाठीही हीच पद्धत आहे: तो जिथे झोपतो तिथे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरचा किंवा वसतिगृहाचा, कोणताही एक पत्ता निवडता येतो. वसतिगृहासाठी कॉलेजकडून तसा दाखला घ्यावा.

आधार क्रमांक दिलाच पाहिजे का? नाही. कायद्यात तो ऐच्छिक आहे आणि आधार देता आला नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही. आधारने नागरिकत्व सिद्ध होत नाही, ही बाजूही ध्यानात असू द्या. बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या फेरतपासणीत, सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या ११ कागदांच्या यादीत आधार बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, तेसुद्धा फक्त ओळखीपुरतं.

अर्ज आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर, आयोगाच्या अॅपवर, बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत देता येतो. ऑनलाइन अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, कागदी अर्जाची पोच घ्या. अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवतात, मग बीएलओ घरी येतो, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. कार्ड टपालाने येतं.

उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की निवडणूक होईपर्यंत नव्याने नाव घालता येत नाही. प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण प्रभागाच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच फोडल्या जातात. म्हणून विधानसभेच्या यादीत नाव असलं की दोन्हीकडचं काम झालं. चालतील त्या ओळखपत्रांची यादी मात्र त्या त्या निवडणुकीच्या सूचनेत पुन्हा बघून घ्या.

केंद्रावर किंवा अर्जात अडलं तर

तुमच्या ओळखीवर एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने आक्षेप घेतला, तर त्याला दोन रुपये अनामत भरून तो घ्यावा लागतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तुम्ही मत देता.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर 'प्रदत्त मत' मागा. ओळख पटवून दिल्यावर यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते आणि ते मत वेगळ्या पाकिटात ठेवून नमुना १७ख मध्ये नोंदवलं जातं. नेहमीच्या मोजणीत ते धरलं जात नाही, तरी मागून घ्याच. बोगस मतदान झाल्याचा लेखी पुरावा राहतो आणि पुढे निकाल न्यायालयात गेला तर तोच कामाला येतो.

अर्ज नामंजूर झाला किंवा नाव वगळलं गेलं, तर लेखी आदेश मागा. त्याविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही दाद लागली नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. जिल्हाधिकारी कार्यालय सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच आहे. सुरगाण्याहून येणाऱ्यानेही एसटीतून उतरून चालत जावं इतकं जवळ. अपील साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं, सोबत आदेशाची प्रत जोडा. यादीत नाव आहे की नाही हे विचारायला १९५० हा क्रमांक आहे.